फ्रोडोचे मैल आणि आपलं योजन

टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे काही वाचक कथेपेक्षा नकाशावर जास्त बोलतात. हॉबिटन ते रिव्हेंडेल किती मैल? मॉर्डॉरचे डोंगर पेटीच्या कडांसारखे काटकोनात कसे वळले, खरे डोंगर असे वळतात का? मिनास टिरिथ एवढं मोठं शहर, त्याला धान्य कुठून येतं? वर्षानुवर्षं हे वाद चालू आहेत. ‘मुळात जे नाहीच ते मोजायचं कशाला’ म्हणून पुष्कळजण हसून सोडून देतात.

मी त्या हसणाऱ्यांतली नाही. धान्याचा प्रश्न तर मला फार आवडतो. तो स्वयंपाकघरातून आलेला प्रश्न आहे आणि टॉल्किनने त्याचं उत्तर देऊन ठेवलंय. मॉर्डॉरच्या दक्षिणेला, नुर्नेन सरोवराच्या काठी, गुलाम राबत असलेली शेतं आहेत असं तो जाता जाता सांगतो. फ्रोडो आणि सॅम यांना ती दिसत नाहीत, फक्त आपल्याला कळतात. एवढं सैन्य पोसायचं तर कुणाच्या तरी पाठीवर कोरडे ओढले जात असणार, हे त्या एका ओळीत येऊन जातं.

म्हणजे मोजण्याला माझी हरकत नाही. मात्र हे माप आहे कशासाठी, हा प्रश्न या वादांत कुणी आधी विचारत नाही. तो न विचारल्यामुळे पुस्तकाचं नुकसान होतं, आणि आपल्या घरातल्या एका जुन्या वादाचंही झालंय. त्याच्याकडे पुढे येते.

ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५४-५५ साली तीन खंडांत आलेली ही कादंबरी. फ्रोडो नावाच्या बुटक्या माणसाकडे, म्हणजे हॉबिटकडे, एक दुष्ट अंगठी येते. ती जिथे घडली त्या ज्वालामुखीतच नेऊन टाकली पाहिजे, दुसऱ्या कशाने ती नष्ट होत नाही. हॉबिट साडेतीन फुटांचे, अनवाणी चालणारे, सहा वेळा जेवायची आवड असलेले. कथा म्हणजे बहुतांशी त्यांचं चालणं. लढाया आहेत, राजे आहेत, पण मणका चालण्याचा आहे.

टॉल्किनला हे पक्कं ठाऊक होतं. १९५४ च्या एका पत्रात त्याने लिहिलंय की आपण आधी नकाशा केला आणि गोष्ट त्यात बसवली, तीही अंतरांची काळजी घेऊन. उलट केलं असतं तर गोंधळ झाला असता. त्याच्या आधी, १९४४ मध्ये, लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं होतं की आपल्या कथेत चंद्र अशक्य गोष्टी करतोय, एकाच वेळी एका ठिकाणी उगवतोय आणि दुसरीकडे मावळतोय. मग बसून दिवस जुळवले. पात्रं दोन वाटांनी फुटलेली, एक टोळी इथे, दुसरी शेकडो मैल लांब. पण पौर्णिमा दोघांची एकच हवी. तिथीचा हिशेब सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना ही काळजी लगेच कळते. आपल्या घरात अष्टमी-चतुर्दशी चुकली तर उपासाचा दिवस चुकतो.

तर आता मोजूच. कॅरन विन फॉन्स्टॅड या अमेरिकन बाईंनी १९८१ साली मिडल अर्थचा सबंध अॅटलास काढला. नकाशाशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेली ही बाई. तिच्या मोजणीने हॉबिटन ते रिव्हेंडेल अंतर भरतं ४५८ मैल, म्हणजे साधारण ७३७ किलोमीटर. फ्रोडो घरून निघतो २३ सप्टेंबरला आणि रिव्हेंडेलच्या नदीशी पोचतो २० ऑक्टोबरला. अठ्ठावीस दिवस. भागाकार केला तर दिवसाला सव्वीस किलोमीटर येतात. त्यात टॉम बॉम्बॅडिलच्या घरचे मुक्काम आले, दलदल आली, आणि ६ ऑक्टोबरला फ्रोडोला जखम झाल्यावर त्याला तट्टावर बसवून न्यावं लागलं, तेही आलं.

सव्वीस किलोमीटर म्हणजे किती, हे आपल्याकडच्या बायकांना आकड्यावरून नाही तर पायांवरून सांगता येईल. आर्यिका संघाच्या विहारात चौका घेऊन गेलेल्या कुणालाही विचारा. सकाळी दहा-बारा किलोमीटर, आहार, सामायिक, मग ऊन उतरल्यावर आणखी पाच-सहा. दिवसाला पंधरा ते वीस झाले तर पुष्कळ झाले. अनवाणी, डांबरी रस्ता, दिवसातून एकदाच आहार. बेळगाव ते कोल्हापूर गाडीने दोन-अडीच तास. संघाला सहा-सात दिवस. आणि पुढचा मुक्काम किती किलोमीटरवर हे नकाशा ठरवत नाही. पुढच्या गावात मंदिर आहे का, शाळेच्या खोल्या मिळतील का, विहिरीचं पाणी आहे का, चौक्याची गाडी आधी पोचून स्वयंपाक सोळ्यात होईल का, यावर सगळं ठरतं. ज्या बायका पुढे जाऊन चूल मांडतात त्यांच्या डोक्यात सगळा रस्ता असा गावागावांत तुटलेला असतो.

त्या हिशेबाने फ्रोडोच्या वाटेला दीड महिना लागायला हवा. तीन-साडेतीन फुटांच्या माणसाने, चिखलातून, जखमी असताना, आपल्या माताजींच्या दीडपट वेगाने चालावं हे जरा जास्तच झालं. नकाशावर पट्टी ठेवून भांडणाऱ्यांना इथे ‘टॉल्किन चुकला’ म्हणायला जागा आहे. मग वाचताना हे कधीच का खटकत नाही? पानं उलटताना तर उलट वाटत असतं की संपतच नाही ही वाट.

माझ्या मते कारण असं, की मजकुरात मैलांपेक्षा दिवस जास्त बोलतात. टॉल्किन आपल्याला पट्टी देत नाही. तो देतो किती रात्री झाल्या, भाकरी किती उरली, पाऊस कधी लागला, चंद्र कोरीचा होता की भरलेला. मैल आपण नकाशावरून काढतो, आणि एकदा काढले की तेच खरं माप असं धरून चालतो. पण या कथेचं खरं माप मजल हे आहे. मराठीत ‘मजल दरमजल’ म्हणतो तेव्हा आपण मैल मोजत नाही, मुक्काम मोजत असतो.

यावर कुणी म्हणेल, ही तुमची सारवासारव. नाही, टॉल्किनने स्वतः हे लिहून ठेवलंय. त्याच्या मृत्यूनंतर मुलाने, ख्रिस्तोफरने, १९८० साली अपुरं राहिलेलं लिखाण छापलं. त्यात न्यूमेनॉर नावाच्या बेटावरच्या लोकांची मोजमापं दिलेली आहेत. त्यांचं एक पाऊल म्हणजे ‘रंगा’, यार्डापेक्षा थोडं मोठं. पाच हजार रंगांचा एक ‘लार’, सुमारे तीन मैल. आणि ‘लार’ या शब्दाचा अर्थ दिलाय ‘थांबा’! कारण सैन्य कूच करताना तेवढं अंतर झालं की थोडी विश्रांती घ्यायची. भाषाशास्त्राचा हा प्राध्यापक. मैलाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्याने ते जमिनीवरून दिलं नाही, दमलेल्या माणसावरून दिलं. माझ्या दृष्टीने सगळ्या अॅटलासांपेक्षा हा एक शब्द जास्त सांगतो.

आणखी एक जागा बघा. अॅरागॉर्न, लेगोलस आणि गिम्ली आपल्या पळवून नेलेल्या मित्रांच्या मागे धावतात. चार दिवस पूर्ण व्हायच्या आत पंचेचाळीस लीग, म्हणजे एकशे पस्तीस मैल. दिवसाला पन्नास किलोमीटरच्या वर. हे अशक्याच्या काठावरचं आहे. आणि घोडेस्वारांचा नायक एओमर हे ऐकून थक्क होतो. शरीराची मर्यादा ओलांडली जाते तिथे लेखक एका पात्राला आश्चर्य करायला लावतो. म्हणजे बाकी सगळीकडे मर्यादा पाळली जातेय याची ती खूणच.

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर जॉर्ज मार्टिनची बर्फाची भिंत घ्या. त्याच्या कादंबऱ्यांत उत्तरेला सातशे फूट उंच, तीनशे मैल लांब भिंत आहे. दूरदर्शन मालिकेच्या चित्रीकरणासाठी उत्तर आयर्लंडमधली एक दगडाची खाण निवडली होती. तिचा कडा सातशे फुटांहून बराच कमी. तो पाहून मार्टिन स्वतःच म्हणाला की आपण भिंत फारच उंच लिहिली. एवढ्या उंचीवरून सोडलेला बाण खाली कुणाला लागणार? सातशे हा आकडा डोळे विस्फारण्यासाठी आलेला. गंमत अशी की त्या जगाच्या नकाशावर मैलांची पट्टी नाही, म्हणून वाचक ती तीनशे मैलांची भिंतच पट्टी धरून उरलेलं सगळं मोजतात. दिपवण्यासाठी लिहिलेला आकडा चालण्यासाठी वापरायचा! तो वाद मिटत नाही, मिटणारही नाही.

फॉन्स्टॅडकडे परत येते, कारण तिच्याविषयी मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. ज्या वर्षी तिचा अॅटलास आला त्याच वर्षी, १९८१ मध्ये, बार्बरा स्ट्रेची या इंग्रज बाईंनी फक्त फ्रोडोच्या वाटेचे नकाशे काढून वेगळं पुस्तक छापलं. दोघींनी तेच पुस्तक मोजलं आणि सगळीकडे एकमत झालं नाही. मला यात एक गोष्ट जाणवते. या कादंबरीत बायका फार कमी. वाट चालणाऱ्या नऊजणांत एकही नाही. एओविन आहे, पण तिलाही लढायला जायचं तर पुरुषाचा वेष घ्यावा लागतो. ज्या वाटेवर आपल्याला जागाच ठेवलेली नाही ती दोन बायकांनी पावलापावलाने मोजून काढली. फॉन्स्टॅडने कुठल्या तारखेला तळ कुठे पडला तेही नकाशावर दाखवलं. ही भक्ती आहे की हक्क सांगणं? मी हक्क म्हणेन. जिने चूल कुठे मांडायची ते ठरवलं तिची वाट झालीच की.

आता टॉल्किनचं कुठे बिघडलं ते. ‘द हॉबिट’ हे त्याचं आधीचं पुस्तक, १९३७ सालचं, मुलांसाठी लिहिलेलं. त्यात बुटके आणि बिल्बो नदीशी येतात आणि त्याच रात्री त्यांना राक्षसांची शेकोटी दिसते. नंतरच्या मोठ्या कादंबरीत त्याच भागातून फ्रोडोची मंडळी जातात. १३ ऑक्टोबरला पूल ओलांडतात आणि दगड झालेल्या त्या राक्षसांपाशी पोचायला पाच-एक दिवस घेतात. वाटाड्या स्ट्रायडरसारखा जाणता असून! वाचकांनी हे पकडलं आणि टॉल्किनलाही ते टोचत राहिलं. १९६० मध्ये त्याने ‘हॉबिट’ नव्याने लिहायला घेतलं: अंतरं जुळवायची, तारखा जुळवायच्या, चंद्र जुळवायचा. काही प्रकरणं झाली आणि त्याने ते सोडून दिलं. तो मजकूर पुढे २००७ मध्ये छापला गेला. वाचून बघा, सगळं नीट आहे, आणि जुन्या पुस्तकाचा खट्याळपणा निघून गेलाय. आजीच्या गोष्टीत ‘मग ते चालले, चालले आणि जंगलात शिरले’ असतं. तिथे कुणी ‘किती कोस, आजी?’ विचारलं तर आजी सांगेल काहीतरी, पण गोष्ट तिथेच थांबते.

दुसरं बिघडणं याहून खोल आहे, आणि त्याबद्दल वाद घालणारे फारसे बोलत नाहीत. टॉल्किनच्या पुराणकथांत जग आधी सपाट होतं. न्यूमेनॉरच्या माणसांनी अमरत्वाच्या लोभाने देवांच्या भूमीवर चाल केली, तेव्हा ते बेट बुडालं आणि पृथ्वी वाकवून गोल केली गेली. पश्चिमेची अमरभूमी माणसांच्या समुद्रांपासून तुटली. ज्यांना परवानगी आहे त्यांच्यासाठी एक सरळ वाट तेवढी उरली. केवढी मोठी कल्पना! पृथ्वीचं गोल असणं हीच एक शिक्षा, कितीही गलबत हाका, फिरून आपल्याच किनाऱ्याला लागायचं. पण उतारवयात टॉल्किनला वाटायला लागलं की आजच्या वाचकाला सपाट पृथ्वी पटणार नाही. जग पहिल्यापासून गोलच होतं असं सगळं फिरवून लिहायचा त्याने घाट घातला. ते पुरं झालं नाही, आणि १९७७ मध्ये ख्रिस्तोफरने ‘द सिल्मरिलियन’ छापलं ते सपाट पृथ्वीसकट. बरं झालं. वडिलांची भीती मुलाने पुस्तकात उतरू दिली नाही.

ही भीती मला ओळखीची वाटते, म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. टॉल्किनची कादंबरी आणि आपले ग्रंथ मी एका पारड्यात घालत नाही. एक माणसाने रचलेली गोष्ट आहे आणि दुसरीकडे माझी श्रद्धा आहे. पण माप वाचण्याची आपली सवय दोन्हीकडे तीच आहे. आपल्या सभांमध्ये जंबूद्वीपाचा विषय निघाला की काय होतं आठवा. जंबूद्वीपाचा व्यास एक लाख योजनं. प्रमाण योजन दोन हजार कोसांचं, कोस दोन मैलांचा, म्हणजे योजनाला चार हजार मैल, म्हणजे जंबूद्वीप चाळीस कोटी मैल. कॉलेजात शिकणारी नात म्हणते, अहो आजी, सगळ्या पृथ्वीचा व्यास आठ हजार मैल, म्हणजे तुमची दोन योजनं! की मग पंडितजी सिद्ध करायला बसतात. एक हसते, दुसरा चिडतो, आणि दोघांच्या हातात तीच मैलांची पट्टी असते.

‘तिलोयपण्णत्ती’ उघडून बघा. यतिवृषभाचार्यांचा हा प्राकृत ग्रंथ सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने प्रसिद्ध केला, पहिला भाग १९४३ मध्ये आणि दुसरा १९५१ मध्ये. संपादक हिरालाल जैन आणि आ. ने. उपाध्ये. उपाध्ये आपल्या सदलग्याचे, बेळगाव जिल्ह्यातले, म्हणून आपल्याला तरी हा ग्रंथ परका नको. त्यात अंगुळाचे तीन प्रकार सांगितलेत. जीवांच्या शरीरांची उंची मोजायची ती उत्सेधांगुळाने. द्वीप, समुद्र, पर्वत मोजायचे ते प्रमाणांगुळाने, जे पहिल्याच्या पाचशेपट. आणि माणसाच्या वापरातल्या वस्तू, भांडी, आरसे, घरं, नगरं मोजायची ती आत्मांगुळाने, म्हणजे त्या त्या काळच्या माणसाच्या स्वतःच्या बोटाने. काय मोजायचंय त्यावर माप ठरतं, हे आचार्यांनी आधीच सांगून ठेवलंय! घागर आणि मेरू एकाच बोटाने मोजायचे नाहीत. आणि आपण सगळ्याला गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर लावतो.

भरत क्षेत्राची रुंदी पाठशाळेत पाठ केलेली असते: ५२६ योजनं आणि एका योजनाचे ६/१९. हा एकोणीसचा छेद आला कुठून? जंबूद्वीपाचे १९० भाग करायचे. भरताला एक, हिमवान पर्वताला दोन, हैमवताला चार, मग आठ, सोळा, बत्तीस, मध्ये विदेहाला चौसष्ट, आणि पलीकडे तसंच उतरत ऐरावतापर्यंत एक. बेरीज १९०. लाखाला १९० ने भागा, ५२६ आणि ६/१९ येतात. वही घेऊन करून बघा, पाच मिनिटांचं काम. हा अपूर्णांक जमिनीवर साखळी टाकून आलेला नाही, तो दुपटीच्या क्रमातून आलेला आहे. त्याचा काटेकोरपणा रचनेचा आहे. आणि ही रचना कशासाठी? बारा भावनांत लोकभावना आहे. एवढ्या मोठ्या लोकात हा जीव कुठे कुठे भटकला याचं चिंतन करायचं आहे. तिथे चालणारा जीव आहे आणि त्याच्या मजला अनंत. त्याला ‘दिवसाला किती किलोमीटर’ विचारून उत्तर काय येणार?

हस्तिनापूरला ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने जंबूद्वीपाची रचना उभी राहिली, तिथला सुमेरू १०१ फूट उंच आहे. शास्त्राप्रमाणे मेरूची उंची आणि जंबूद्वीपाचा व्यास दोन्ही लाख लाख योजनं. त्या प्रमाणात बांधायचं तर रचनेची रुंदी आणि मेरूची उंची सारखी यायला हवी. तशी ती नाही, हे पाहताक्षणी कळतं. पण आतल्या पायऱ्या चढून वर अभिषेकाला जाणाऱ्या बाईला त्याने काही अडत नाही. तिथे मेरूला चढता येण्याएवढंच असायला हवं होतं. बांधणाऱ्यांना हे कळलं होतं, म्हणूनच त्यांनी प्रमाण मोडलं.

फॉन्स्टॅडलाही हाच पेच पडला होता. टॉल्किनच्याच एका पत्राप्रमाणे हॉबिटन ऑक्सफर्डच्या अक्षांशावर आणि मिनास टिरिथ तिथून सहाशे मैल दक्षिणेला, फ्लॉरेन्सच्या अक्षांशावर. ऑक्सफर्ड ते फ्लॉरेन्स आठ अंश, एका अंशाला एकोणसत्तर मैल, म्हणजे सहाशे नव्हे, साडेपाचशे. शिवाय पॉलीन बेन्सच्या १९७० च्या नकाशासाठी त्याने स्वतःच्या हाताने केलेल्या टिपा २०१५ मध्ये सापडल्या, त्यांत फ्लॉरेन्सच्या जागी रॅव्हेना. अक्षांश आले म्हणजे गोल पृथ्वी आली, आणि गोल पृथ्वीचा एवढा मोठा तुकडा कागदावर काढला की कुठेतरी ताणला जातोच. तिने सगळं तोलून पाहिलं आणि शेवटी ती गोल झालेली पृथ्वीही सपाट धरूनच काढली, म्हणजे वाचकाला पट्टी ठेवून फ्रोडोबरोबर जाता येईल.